सातव्या स्लॅबनंतरची वही

«ताई, नमस्कार.

आमची नौपाड्यातली चार मजली इमारत पुनर्विकासाला देऊन तीन वर्षं झाली. सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, आणि शेवटी शेवटी तर छताचे पोपडे ताटात पडायचे. नवरा सोसायटीचा सेक्रेटरी. घरोघरी जाऊन सगळ्यांच्या सह्या त्यानेच आणल्या. सध्या आम्ही मानपाड्याला भाड्याने राहतो. सासरे, म्हणजे अप्पा, ७८ वर्षांचे आहेत. रोज सकाळी बसने नौपाड्याला जातात, साइटच्या पत्र्यांच्या फटीतून बघतात आणि दिसेल ते वहीत लिहितात. रात्री जेवताना वाचून दाखवतात. सात स्लॅब होईपर्यंत आम्हाला त्याची गंमत वाटायची. आता पाच महिने काम बंद आहे. बिल्डर कधी टीडीआरचं, म्हणजे जादा बांधकामासाठी विकत घ्यायच्या हक्काचं, कारण देतो, कधी मजूर गावी गेलेत म्हणतो. भाड्याचे गेले दोन चेक वटले नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर रोज नवऱ्याचा उद्धार चालतो. परवा अप्पांनी वही उघडली आणि हा ओरडला, ‘ती वही आधी फेकून द्या!’ तेव्हापासून अप्पा खोलीत जेवतात. साइटवर मात्र रोज जातात, एवढ्या पावसात. मी चोरून वही वाचली. ‘मिक्सर नाही. वॉचमन नवा. वरच्या सळ्यांना गंज.’ आणि भांडणाच्या दिवशी लिहिलंय, ‘काम बंद. बाळ्या फार दमलाय.’ त्यांचं जाणं बंद करू का? वही लपवून ठेवू का? माझं म्हणाल, तर माझी निम्मी भांडी अजून खोक्यातच आहेत.

एक सून, ठाणे»

अगं, वहीला हात लावू नकोस. चोरून वाचलीस ते एक बरं केलंस, पण आता अप्पांना तसं सांगून टाक. ‘अप्पा, मी तुमची वही वाचली’ एवढंच म्हण. गेल्या काही दिवसांत त्यांना कोणी काही विचारलेलं नाही, तेव्हा रागवायच्या आधी ते चष्मा शोधतील बघ.

आपल्या ठाण्यात ‘स्लॅब पडला’ याचे दोन अर्थ आहेत. जुन्या इमारतीत पडला तर माणसं जिन्याकडे धावतात, नव्या इमारतीत पडला तर पेढे वाटतात. तुम्ही पहिल्या अर्थातून सुटलात आणि दुसऱ्याचे पेढे सात वेळा खाल्लेत. आठव्याच्या आधी सगळं थांबलं. या अशा थांबण्यात घरातली माणसं एकमेकांवर का घसरतात, ते मी स्वतःच्या घरात पाहिलंय. बिल्डर फोन उचलत नाही. मग जो समोर बसून आमटी वाढून घेतोय, तोच हाताशी सापडतो.

अप्पांच्या वहीतल्या त्या तीन शब्दांवर माझी नजर अडली. ‘वरच्या सळ्यांना गंज.’ तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, आणि ती तू ओघात लिहून पुढे गेलीस. सातव्या स्लॅबच्या वर कॉलमच्या सळ्या बाहेर आलेल्या असतात, पुढचा मजला त्यांना जोडून उभा राहतो. काम थांबलं की त्या तशाच पावसात भिजत राहतात. नुसता वरवरचा तांबूस थर असेल तर घाबरण्यासारखं काही नसतं, तारेच्या ब्रशने घासून काढतात. पण पापुद्रे सुटायला लागले असतील, तर सळीची जाडी किती उरली आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने मोजून बघायला हवं आणि मगच पुढचं काँक्रीट ओतायला हवं. तुमच्या कमिटीतल्या कोणी हे बिल्डरला लेखी कळवलंय का? मला शंका आहे. ग्रुपवर तुझ्या नवऱ्याचा उद्धार करणाऱ्यांपैकी किती जण साइटवर फिरकलेत, हेही एकदा विचारून बघ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस फटीतून जे बघून आला, ते सोळा बिऱ्हाडांच्या कामाचं आहे.

तेव्हा ती वही सोसायटीच्या दप्तरात जायला हवी. निदान तिच्या प्रती.

आता नवऱ्याचं. तो वहीवर ओरडला, कारण त्याला ती आरोपपत्रासारखी ऐकू येते. ‘मिक्सर नाही’ हे अप्पा म्हणतात, आणि याला ऐकू येतं, ‘तू सह्या आणल्यास.’ बाहेरची पंधरा घरं ते उघड बोलतातच, त्यात घरातून रोज रात्री तारखेनिशी वाचन. कोणाचाही तोल जाईल. पण अप्पांनी त्या दिवशी काय लिहिलंय, ते त्याला माहीत नाही. ‘बाळ्या फार दमलाय.’ हे वाक्य त्याने वाचायला हवं, पण तू वाचून दाखवू नकोस आणि जेवणाच्या ताटावर तर नकोच. अप्पांची परवानगी घे, पान उघडून त्याच्या उशाशी ठेव आणि तू बाहेर जाऊन बस. पुढे काय बोलायचं ते बापलेकांना सुचेल. नाही सुचलं तरी चालेल, आपल्याकडचे बापलेक तसंही फार बोलत नाहीत.

आणि त्याला हेही सांग, की पोपडे ताटात पडत असताना ज्याने इमारत रिकामी करायला लावली, त्याने सोळा बिऱ्हाडांचं वाईट केलेलं नाही. बिल्डर निवडताना चूक झाली असेल, नसेल. ती सगळ्यांनी हात वर करून केलेली निवड होती.

रागाला काहीतरी काम दिलं की तो निवतो, म्हणून त्याच्यासाठी कामं सांगते. पहिलं काम चेकचं, कारण त्यात दिवस मोजले जातात. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत बिल्डरला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याने १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करता येते. मुदत टळली असेल आणि चेकवरच्या तारखेला ३ महिने झाले नसतील, तर तो पुन्हा भरता येतो. उद्याच सगळी पाकिटं काढून तारखा बघा. ‘थोडं थांबू या, संबंध बिघडतील’ असं म्हणणारा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला चहा द्या आणि वकिलाकडे जा.

दुसरं काम महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळाचं. त्या इमारतीत विक्रीचेही फ्लॅट असणारच, त्यामुळे प्रकल्प तिथे नोंदवलेला असायला हवा. काम कुठवर आलं ते बिल्डरने दर तीन महिन्यांनी तिथे भरायचं असतं, पूर्णत्वाची तारीखही तिथे असते. ती नोंद आणि अप्पांची वही शेजारी शेजारी ठेवून वाचा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे खूण करा. बापलेकांनी मिळून करायला याहून चांगलं काम मला सुचत नाही. मात्र एक लक्षात ठेवा: नवीन फ्लॅट विकत घेणाऱ्याला महारेराकडे जशी दाद मागता येते, तशी जुन्या सभासदाला सरसकट मागता येत नाही. तुमची खरी ताकद विकास करारात आहे. मुदत, भाडं थकलं तर काय, दंड, बँक गॅरंटी, करार रद्द करायची अट, हे सगळं त्यात काय लिहिलंय ते वाचा आणि सर्वसाधारण सभा बोलावून ठराव करा. ग्रुपवरचे अंगठे ठराव म्हणून चालत नाहीत.

अप्पांचं जाणं बंद करायचं का? अजिबात नाही. तुला वाटतं ते इमारत बघायला जातात. जातात, पण गोखले रोडला उतरलं की त्यांना पेपरवाला ओळखतो, केळीवाली ‘काका, बरेच दिवसांनी’ म्हणते, जरी ते कालच गेलेले असले तरी. वाट वाकडी करून ते कौपिनेश्वरालाही जाऊन येत असतील. मानपाड्याच्या लिफ्टमध्ये त्यांना कोण ओळखतं? पावसाची काळजी रास्त आहे. चांगल्या पकडीच्या चपला घेऊन दे, मुसळधार असेल त्या दिवशी खाडा करायला लाव, आणि पत्र्यांच्या आत एकट्याने पाऊल टाकायचं नाही हे शपथेवर घे. इंजिनिअर सळ्या बघायला येईल तेव्हा नवऱ्याबरोबर त्यांनाही हेल्मेट घालून आत जाऊ दे. रविवारी नवऱ्यानेच त्यांना बाइकवरून सोडावं. येताना मिसळ खाऊन येतील, डॉक्टरला सांगू नका.

काम पुन्हा सुरू झालं, की अप्पांना एक सांगून ठेव. स्लॅब संपले की बाहेरून काही दिसेनासं होतं. आत वीटकाम, नळ, वायरिंग, गिलावा चालू असतो, लिफ्ट बसत असते, मग अग्निशमन दलाची एनओसी आणि ओसीचे, म्हणजे राहायला जायच्या दाखल्याचे, खेटे. फटीतून बघणाऱ्याला वाटतं, काम बंद पडलं. त्या काळात वहीत ‘आज आवाज कसला येत होता’ असा एक रकाना करायला सांग. गंमत नाही करत, ग्राइंडरचा आवाज आला म्हणजे काम चालू आहे.

राहिली तू. पूर्ण पत्रात तुझ्या वाट्याला एकच वाक्य, आणि तेही ‘माझं म्हणाल, तर’ अशी परवानगी काढून. तीन वर्षं भांडी खोक्यात? कशासाठी? भाड्याच्या घरात पुरणयंत्र काढलं तर नवं घर रुसेल का? या रविवारी ते मिसळ खायला जातील, तेव्हा खोकी उघड. पितळी डबे काढ, मोठी कढई काढ. पुन्हा बांधायला लागतील तेव्हा बांधू.

उघडताना एखाद्या खोक्यात नव्या घरासाठी घेऊन ठेवलेलं काही सापडेल, तर हसू नकोस. आमच्या घराची वाट बघत होतो तेव्हा मी ब्रोशरमधल्या नकाशावरून मापं काढली, राम मारुती रोडवरून पडद्याचं कापड आणलं आणि शिवूनही घेतलं. मधे नकाशे बदलले आणि हॉलच्या खिडक्या जमिनीपर्यंत आल्या. आमचे पडदे गुडघ्यापर्यंत. दीड वर्ष तसेच लावले, कारण पैसे संपले होते. पाहुणे आले की मी त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवायची.

तेव्हा पडदे एवढ्यात घेऊ नकोस.