वाचक विचारतात : अंगणात रेंज, माजघरात शुकशुकाट

बाहेर फोन खणखणीत चालतो आणि उंबरठा ओलांडला की मुका होतो, या तक्रारीची पत्रं यंदा डिचोलीपासून मडगावपर्यंत सगळीकडून आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. इमारतीत ठिकठिकाणी छोट्या अँटेना लावून त्या केबलने एका मूळ यंत्राला जोडायच्या, या रचनेला धंद्यातली माणसं ‘आयबीएस’ म्हणतात. तिचं दुसरं नाव डीएएस. ते एका दमात उच्चारू नये, गोव्यात भलताच अर्थ होतो.

प्रश्न : फोंडा तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. तुळशीपाशी चारही काड्या दिसतात, स्वयंपाकघरात एकही नाही. ऑनलाइन ‘सिग्नल बूस्टर’ मिळतात, त्यातला घेऊ का?

घेऊ नका. ते का, हे खाली सांगतो. आधी मोजा. काड्यांवर विसंबू नका, प्रत्येक फोन त्या आपापल्या मर्जीने दाखवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की आतलं पान उघडतं. तिथे आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोराने पोहोचतो त्याचा आकडा पाहा, तो उण्यात असतो. उणे ८५ किंवा त्याहून वर असेल तर उत्तम. उणे १०५ च्या आसपास बोलणं निभतं, उणे ११५ च्या खाली तुटतं. अंगणात, पडवीत, माजघरात आणि स्वयंपाकघरात दोन-दोन मिनिटं थांबून आकडे कागदावर लिहा. कुठल्या भिंतीपाशी आकडा एकदम कोसळतो तेवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

जुन्या घराची चिऱ्याची भिंत जाड असते आणि चिरा सच्छिद्र असतो. पावसात तो पाणी धरून ठेवतो आणि पाणी रेडिओलहरी खातं. म्हणून मे महिन्यात जेमतेम चालणारा फोन जुलैत बंद पडल्यासारखा वागतो. वर पत्रे घातले असतील तर वरची वाटही बंद.

घरासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वाय-फाय कॉलिंग. ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू करा, कॉल मग टॉवरऐवजी राउटरवरून जातो. पण राउटर पडवीत ठेवून स्वयंपाकघरात अपेक्षा करू नका, त्यालाही तीच भिंत आडवी येते. पडवीतल्या राउटरपासून कॅट-६ नेटवर्क केबल आतपर्यंत ओढा आणि तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, लावा. बिनतारी ‘एक्स्टेंडर’ कमकुवत सिग्नल उचलून तोच पुढे देतो, त्यापेक्षा केबल कधीही बरी. आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. फायबरचा डबा आणि राउटर, दोन्ही १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर घ्या. मात्र दोन्ही अॅडॉप्टरवर लिहिलेले अँपिअर आधी बेरजेला घ्या आणि यूपीएस तेवढे देतो का, ते बघा.

आता बूस्टर. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने स्पष्ट केलं की परवानाधारक कंपन्यांखेरीज कोणीही मोबाइल बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदा आहे. बाजारात मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. कारण तांत्रिकही आहे. ७० डीबी (ताकद किती पट वाढली-घटली याचं माप) वाढ देणाऱ्या यंत्राच्या बाहेरच्या आणि आतल्या अँटेनांमध्ये निदान ८५ डीबीची तोड लागते, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीपर्यंत तेवढा क्षीण व्हायला हवा. घराच्या छपरावर ती मिळत नाही. मग लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यावर जशी शिट्टी येते तसं ते यंत्र स्वतःच ओरडू लागतं. ती शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही, टॉवरला येते, आणि अख्ख्या वाड्याचे कॉल तुटतात. खरंच रिपीटर लागणार असेल तर तुमच्या मोबाइल कंपनीकडेच लेखी मागणी करा. बसवायचा अधिकार तिचा आहे.

प्रश्न : मिरामारला सातव्या मजल्यावर, नदीकडे तोंड असलेला फ्लॅट आहे. काड्या पूर्ण, तरी बोलणं तुटतं. हे कसं?

तुमच्याकडे सिग्नल कमी नाही, जास्त झालाय. मांडवीच्या पाण्यावर आडवं येणारं काही नाही, त्यामुळे पलीकडच्या बार्देशातले टॉवर आणि अलीकडचे टॉवर तुमच्या खिडकीत सारख्याच जोराने येतात. फोनला एकही ठळक वाटत नाही आणि तो या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो. वरच्याच पानावर एसआयएनआर हा आकडा असतो, सिग्नल आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किती वरचढ आहे ते तो सांगतो. तो २० च्या आसपास हवा. आरएसआरपी उणे ८० आणि एसआयएनआर शून्याजवळ, असं दिसलं तर निदान पक्कं. अशा जागी ताकद वाढवून काहीच होत नाही. वाय-फाय कॉलिंग लावा, किंवा इमारतीची स्वतःची आयबीएस हवी, जी खोलीत बाहेरच्या टॉवरपेक्षा निदान ५ ते १० डीबी वरचढ असेल.

प्रश्न : पाटो-पणजीत आमची कार्यालयांची पाच मजली इमारत, खाली पार्किंगची दोन तळघरं. कंत्राटदाराने आयबीएसचा आराखडा दिलाय : मजल्याला चार अँटेना. हे पुरेसं आहे की जास्त, समितीने कसं तपासावं?

अँटेना मोजू नका, प्रत्येक अँटेनापर्यंत किती ताकद पोहोचते ते विचारा. हिशेब बेरीज-वजाबाकीचाच आहे, पाचवीच्या मुलाला जमेल. ३ डीबी गेले म्हणजे ताकद निम्मी झाली, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

समजा १८०० मेगाहर्ट्झवर ४जीचा २० मेगाहर्ट्झ रुंदीचा कॅरिअर, म्हणजे सिग्नल वाहून नेणारा लहरींचा पट्टा आहे आणि मूळ रेडिओ २० वॅटचा. म्हणजे ४३ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डीबीत मोजलेली ताकद). आता गळती लिहा. सगळ्या कंपन्या एका केबलवर आणणारा कॉम्बायनर ६ डीबी खातो. उभ्या डक्टमधली पाऊण इंचाहून जाड, म्हणजे ७/८ इंची फीडर केबल शंभर मीटरला सुमारे ६ डीबी घालवते, तुमची ४० मीटर आहे, तर २.४. मजल्याला वाटा काढून देणारा कपलर १०. मजल्यावर चार वाटांचा स्प्लिटर : चार हिस्से केल्यामुळे ६ आणि त्याची स्वतःची गळती अर्धा, मिळून ६.५. अर्धा इंची केबल शंभर मीटरला साधारण १०.५, पंचवीस मीटरला २.६. सगळे कनेक्टर मिळून १. बेरीज २८.५. अँटेनाशी उरले १४.५ डीबीएम, म्हणजे सुमारे २८ मिलिवॅट.

ही ताकद १२०० उपवाहकांत, म्हणजे कॅरिअरच्या बारीक पट्ट्यांत, वाटली जाते. आरएसआरपी मोजतो तो एका उपवाहकाचा, म्हणून आणखी ३१ वजा करा : सुमारे उणे १६. छताच्या अँटेनाची वाढ २, म्हणजे उणे १४. पंधरा मीटर मोकळ्या जागेत ६१ जातात : उणे ७५. मध्ये एक ब्लॉकची भिंत, तिचे १० धरा : उणे ८५. कपाटं, माणसं, फोन खिशात असणं, यासाठी ८-१० हाताशी ठेवा : उणे ९५. चालण्याजोगं, पण फार ऐसपैस नाही. दोन भिंती आल्या की गेलं. म्हणून ज्या मजल्यावर केबिन जास्त, तिथे अँटेना वाढवायच्या आणि मोकळ्या हॉलमध्ये कमी करायच्या. ‘सगळीकडे चार’ हा आराखडा नव्हे, ती रांगोळी झाली.

आमचं मत ठाम आहे : मोठ्या ताकदीची एक अँटेना लावण्यापेक्षा छोट्या ताकदीच्या चार बऱ्या. कॉरिडॉरच्या मधोमध अँटेना लावून दोन्ही बाजूंच्या खोल्या भागवण्याचा मोह कंत्राटदाराला होतो, कारण केबल वाचते. कडेच्या केबिन मात्र कोरड्या राहतात, आणि नेमका साहेब तिथेच बसतो.

लिफ्टचा लोखंडी डबा या हिशेबात बसतच नाही. शाफ्टमध्ये वरून खाली तोंड केलेली पॅनेल अँटेना स्वतंत्र लागते, किंवा लिफ्टच्या दारासमोर प्रत्येक लॉबीत एक. तळघराच्या रॅम्पवरही एक अँटेना हवीच. ती नसेल तर गाडी बाहेर येताना आतला सिग्नल संपतो, बाहेरचा अजून मिळालेला नसतो आणि कॉल पडतो. उलट बाजूला, दर्शनी काचेला चिकटून अँटेना लावू देऊ नका. सिग्नल रस्त्यावर सांडतो आणि खालून जाणाऱ्यांचे फोन तुमच्या इमारतीला लटकतात.

करारात चार गोष्टी लिहून घ्या. एक, यंत्रणा सगळ्या कंपन्यांना खुली हवी, एकीची मक्तेदारी नको. दोन, प्रत्येक केबलची स्वीप टेस्ट, म्हणजे सगळ्या वारंवारतांवरची तपासणी, आणि तिचा कागद. व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे ताकद किती उलटी फिरते त्याचं माप, १.४ च्या वर गेला तर जोड पुन्हा करायला लावा. तीन, फोन हातात घेऊन मजलाभर फिरून केलेली वॉक टेस्ट, ९५ टक्के जागेत आरएसआरपी उणे ९५ किंवा त्याहून चांगला. ही फर्निचर लागल्यावर करा, रिकाम्या हॉलमध्ये सगळंच पास होतं. चार, प्रत्यक्ष टाकलेल्या केबलचा नकाशा. तो नसेल तर पाच वर्षांनी फॉल्स सीलिंग फोडत बसाल. तुम्हाला इमारत भाड्याने द्यायची आहे म्हणून सांगतो : ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम आणले आहेत. असे कागद तिथेही कामी येतात.

प्रश्न : कांदोळीला किनाऱ्यालगत आमचं हॉटेल. चार वर्षांपूर्वी आयबीएस बसवली. या पावसाळ्यापासून फोनवर रेंज पूर्ण, समोरच्याचं ऐकू येतं, पण आमचा आवाज त्याला तुटक जातो. अँटेना बदलायच्या का?

थांबा. येणारा आवाज ठीक आणि जाणारा खराब, हे अँटेनापेक्षा गंजलेल्या जोडाचं लक्षण आहे. त्याला ‘पिम’ म्हणतात. दोन वेगळ्या वारंवारता गंजलेल्या किंवा सैल जोडातून गेल्या की त्यांच्या मिश्रणातून तिसरी जन्माला येते. ९०० च्या पट्ट्यात ९३६ आणि ९५९ मेगाहर्ट्झ एकत्र जात असतील तर ९३६ ची दुप्पट वजा ९५९, बरोबर ९१३. आणि ८९० ते ९१५ हा फोनकडून टॉवरकडे जाणारा रस्ता. म्हणजे तुमचाच गंज तुमच्या पाहुण्याच्या आवाजावर ओरडतो.

शोधायची रीत अशी. पिम टेस्टरने २० वॅटचे दोन सूर सोडायचे, मग एकेका जोडाला स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने हलकं ठोकायचं. आकडा उसळला की तोच जोड. यंत्रणा मोठी असेल तर मधोमध तोडून त्या टोकाला लो-पिम टर्मिनेटर, म्हणजे स्वतः पिम न करता ताकद गिळून टाकणारी टोपी, लावा, दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं, मग त्या अर्ध्याचा अर्धा. साधा टर्मिनेटर लावू नका, तो स्वतःच पिम करतो.

दोषी कनेक्टर उघडलात तर बहुधा हिरवट तांबं दिसेल, किंवा हॅकसॉने केबल कापताना उडालेला तांब्याचा कीस पांढऱ्या फोमवर चिकटलेला. कटिंग टूलने कापा, काठाची बारीक धार काढा, फोम ब्रशने झाडा. पाणी आत शिरलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापत या. पुसून पुन्हा जोडणं म्हणजे पुढच्या जूनला पुन्हा बोलावणं. कनेक्टर हाताच्या अंदाजाने आवळू नका : ७/१६ डिन २५ ते ३० न्यूटन-मीटर, ४.३-१० जातीचा ५ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच.

बाहेरच्या जोडावर आधी पीव्हीसी टेप, वर ब्यूटाइल म्हणजे चिकट रबरी टेप, वर पुन्हा पीव्हीसी. शेवटचा थर खालून वर गुंडाळत न्यायचा, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो, कौलं घालतात तशी. उलट गुंडाळलात तर प्रत्येक पदर पाण्याला ओंजळ धरतो. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथून टपकून जाईल. वळण मात्र अर्धा इंची केबलला १२-१३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नको.

सगळे जोड स्वच्छ निघाले आणि दोष तरी राहिला, तर अँटेनाच्या आजूबाजूला पाहा. खाऱ्या वाऱ्याने गंजलेली फॉल्स सीलिंगची पट्टी किंवा एसी डक्टचा हँगरही हाच खेळ करतो. अँटेना मीटरभर सरकवून आकडा बदलतो का, बघा.

प्रश्न : आमच्या इमारतीतल्या जुन्या आयबीएसवर ५जी चालेल का? आणि माझ्या टेबलाच्या बरोबर वर अँटेना आहे, धोका नाही ना? (मडगाव)

आधी पहिलं. स्प्लिटर आणि अँटेनावरचं लेबल वाचा. ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झ लिहिलं असेल तर ७०० वरचं ५जी चालेल, ३.५ गिगाहर्ट्झचं नाही. भाग बदलले तरी अर्धा इंची केबल तिथे शंभर मीटरला १५ डीबीच्या आसपास खाते. शिवाय जुनी यंत्रणा एकाच केबलची असते. दुहेरी मायमोचा, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी माहिती पाठवण्याचा, वेग हवा तर दुसरी केबल समांतर ओढावी लागते. एवढी तोडफोड करायची तर फायबरवर चालणारी अॅक्टिव्ह यंत्रणा मागवून दर पाहा.

दुसरं. वरच्या हिशेबात अँटेनाशी एका कॅरिअरचे २८ मिलिवॅट आले. असे सहा कॅरिअर धरले तरी १७० होतात, आणि तेही डोक्यापासून दीड-दोन मीटरवर. रेंज नसेल तेव्हा तुमचा फोन कानाशी २०० मिलिवॅटपर्यंत जातो. अँटेना जवळ असली की तोच फोन आपली ताकद खाली आणतो. तरी मनाला खटकत असेल तर टेबल सरकवा. रंगाऱ्याला सांगून अँटेना उतरवली आणि केबलचं टोक तसंच लोंबत सोडलं, असं मात्र करू नका. त्या मोकळ्या टोकावरून ताकद उलटी फिरते आणि त्याच स्प्लिटरवरच्या बाकीच्या तिघांना त्रास होतो. काढायचीच असेल तर त्या टोकाला ५० ओहमचा टर्मिनेटर लावून घ्या आणि नकाशावर तशी खूण करा.