पुतळा पाडला, हटवला, हलवला की उतरवला?

प्रश्न असा आला आहे : "ब्रिस्टलमधल्या एडवर्ड कोल्स्टनच्या पुतळ्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करते आहे. मुळात एकच क्रियापद पुन्हापुन्हा येतं. आपल्याकडे मात्र पुतळा पाडतात, हटवतात, हलवतात, काढतात, उखडतात. कुठे काय लिहू? आणि शीर्षकात 'पुतळा' बरा की 'स्मारक'?"

आधी काय घडलं ते पाहू, कारण क्रियापद त्यावरच ठरेल. कोल्स्टन हा इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचा व्यापारी, मृत्यू १७२१. आफ्रिकेतून माणसं पकडून जहाजांत कोंबून अटलांटिकपार विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. शाळा, वृद्धांसाठी निवारे यांना त्याने सढळ हाताने पैसे दिले, म्हणून शहरात जिथे तिथे त्याचं नाव. पुतळा उभा राहिला १८९५ साली, म्हणजे तो गेल्यावर पावणेदोनशे वर्षांनी. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून जीव गेल्यानंतर ब्रिस्टलमध्येही मोर्चा निघाला. ७ जून २०२० रोजी त्या मोर्चातल्या लोकांनी पुतळ्याला दोर बांधून तो खाली ओढला, रस्त्यावरून लोळवत नेला आणि बंदरात ढकलून दिला. चार दिवसांनी नगर परिषदेने तो पाण्यातून बाहेर काढला. आता तो शहराच्या संग्रहालयात आहे, अंगावरच्या लाल-निळ्या रंगासकट, आडवा.

ही एक घटना नाही, निदान चार आहेत, आणि मराठीत चारही जागी एकच क्रियापद चालणार नाही. इंग्रजीला चालतं, तो इंग्रजीचा प्रश्न.

७ जूनला पुतळा *पाडला*. इथे दुसरा शब्द शोधूच नका. पाडण्याला करणारा लागतो, जोर लागतो आणि समोर काहीतरी उभं असावं लागतं. भिंत पाडतात, झाड पाडतात, आपल्याकडे आमदारही पाडतात. याच पाडण्याचं अकर्मक रूप पडणे. तिथे करणारा गायब होतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी *कोसळला*, असंच सगळ्यांनी लिहिलं. बरोबरच आहे, पण दोष कुणाचा हा वाद कोसळण्याच्या क्रियापदात मावत नाही, तो पुढच्या वाक्यात सुरू करावा लागतो.

जाता जाता एक गंमत. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन विद्यापीठात सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याचा पुतळा होता. त्याविरुद्ध २०१५ साली विद्यार्थ्यांनी जी घोषणा दिली, तिचा शब्दशः अर्थ 'ऱ्होड्स पडलाच पाहिजे'. मराठीत हे ऐकलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या मतदारसंघातून? आपल्या घोषणांचं व्याकरणच वेगळं. आपण समोरच्याला थेट आज्ञा करतो, 'चले जाव', 'परत जा', नाहीतर 'हटाव'.

आणि इथून येतं तुमचं अडचणीचं क्रियापद, *हटवणे*. वर्तमानपत्रांनी ते इतकं वापरलंय की आता त्यात काही खटकत नाही. पण मूळ पाहा. हटणे म्हणजे मागे सरणे. 'मी मागे हटणार नाही' असं आपण म्हणतो तेव्हा समोर कुणीतरी रेटा लावणारा असतो. म्हणजे हटवणे हे जो पाय रोवून उभा आहे त्याला मागे सारणं आहे. त्यात विरोध गृहीत धरलेला आहे. अतिक्रमण हटवतात, अध्यक्षाला पदावरून हटवतात. टेबल कुणी हटवत नाही, टेबल सरकवतात. (हिंदीच्या वळणाने 'ते टेबल जरा हटव' म्हणणारे आता भेटतात, पण माझ्या कानाला ते अजून परकं वाटतं.) त्यामुळे वादाबद्दल बोलताना, म्हणजे 'असे पुतळे हटवावेत का?' या प्रश्नात, हे क्रियापद अगदी चपखल आहे. वाद आहे म्हणून तर हटवायचं. पण झालेल्या घटनेच्या निवेदनात ते आलं की लेखक नकळत एका बाजूला उभा राहतो : जो हटवला तो अडथळा होता, असं आपण न सांगता सांगून गेलो.

याच्या उलट टोकाला *हलवणे*. हा शब्द वरवर इतका साधा की त्यातला आदर चटकन लक्षात येत नाही. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली की गणपतीची मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. तेवढ्या हलवण्याने देवपण निघून गेलं असं मानतात, आणि मग मूर्ती उचलायला मोकळी. आजारी माणसालाही दवाखान्यात 'हलवतात'. म्हणजे हलवण्यात काळजी आहे, वस्तू सलामत राहील ही हमी आहे. ज्यांना पुतळा गेलेला नको असतो पण गप्प बसणं भाग असतं, त्यांना हा शब्द फार आवडतो. सरकारी पत्रात त्याचंच 'स्थलांतर' होतं. पालिकेच्या नोटिशीतलं 'निष्कासित करणे' मात्र अनधिकृत टपरीलाच राहू द्या.

आपल्याकडचं हलवण्याचं उत्तम उदाहरण काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, हा अश्वारूढ पुतळा ससून घराण्याच्या पैशातून १८७९ साली मुंबईत उभा राहिला. १९६५ साली तो तिथून हलला आणि राणीच्या बागेत गेला. लोकांनी स्वाराचं नाव कधी घेतलंच नव्हतं, घोड्याचं घेतलं. त्यामुळे राजा गेला तरी चौकाचं नाव जागच्या जागी राहिलं. पन्नासहून अधिक वर्षं तिथे घोडाच नव्हता, पण टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' म्हटलं की तो बरोबर तिथेच सोडायचा. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. पुतळ्याच्या वादात मुंबईकरांच्या जिभेने असा निकाल देऊन टाकला होता आणि तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता.

*काढणे* सगळ्यांत निरुपद्रवी. पण मराठीतलं काढणे दुतोंडी आहे. शाळा काढली म्हणजे सुरू केली, कंपनी काढली म्हणजे स्थापन केली, चित्र काढलं म्हणजे रेखाटलं, आणि चप्पल काढली म्हणजे पायातून दूर केली. पुतळ्याच्या बाबतीत घोटाळा होत नाही, कारण पुतळा उभारतात किंवा बसवतात (उभा पुतळासुद्धा बसवतातच, त्याला इलाज नाही). तेव्हा कुणाचीच बाजू घ्यायची नसेल तर 'काढला' लिहा आणि पुढे जा. *उखडणे* रागाचा शब्द आहे. खुंटा उखडतात, फरशी उखडते. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्रीतून उखडून मुठा नदीत फेकला, तिथे तोच शब्द खरा होता.

मुठेत काय आणि ब्रिस्टलच्या बंदरात काय, पुतळे पाण्यातच का जातात याचा विचार करण्यासारखा आहे. कोल्स्टनच्या बातमीवर मराठीत 'विसर्जन केलं' असा विनोद हमखास होतो. तुम्ही तो टाळा. विसर्जन म्हणजे मानाने निरोप, आणि त्यात परत येण्याचं बोलावणं असतं. कोल्स्टनला कुणी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं नव्हतं. (तरी तो चार दिवसांत परत आला, ही गोष्ट वेगळी.)

पण या विनोदाच्या आड आपल्या भाषेतली एक खरी उणीव आहे. मूर्तीसाठी आपल्याकडे येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही शब्द आहेत : आवाहन आणि विसर्जन. भंगलेल्या मूर्तीचं काय करायचं हेही ठरलेलं आहे. पुतळ्याचं तसं नाही. त्याच्या येण्याला 'अनावरण' हा भारदस्त शब्द आहे, जाण्याला कुठलाच नाही. पुतळा उभारला तो कायमचा, असं आपण धरून चाललो, म्हणून भाषेने तरतूदच केली नाही. आणि म्हणून आज प्रत्येक क्रियापद कुणाच्या तरी बाजूने झुकलेलं वाटतं.

त्यातल्या त्यात मला *उतरवणे* पसंत आहे. चौथऱ्यावरून उतरवला. झेंडा उतरवतात, डोक्यावरचं ओझं उतरवतात. त्यात तोडफोड नाही आणि हलवण्यातला गुळमुळीतपणाही नाही, वर होता तो खाली आला एवढं स्पष्ट होतं. केप टाऊनच्या विद्यापीठाने ठराव करून, ९ एप्रिल २०१५ रोजी क्रेन लावून ऱ्होड्सला खाली घेतलं, तिथे 'उतरवला' अगदी नेमकं बसतं. शिवाय मराठीत माणूस मनातूनही उतरतो, तो अर्थ मागे हळूच उभा राहतो. कोल्स्टनच्या बाबतीत हा शब्द वापरता येत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण मनातून तो बऱ्याच ब्रिस्टलकरांच्या कधीच उतरला होता. चौथऱ्यावरून वेळेत उतरवला नाही, म्हणून पाडला.

तुमच्या लेखात दोन्ही पक्षांचं म्हणणं येणार, तेव्हा *इतिहास पुसणे* हा वाक्प्रचार येईलच. पुतळे राहू द्या म्हणणाऱ्यांचं ते मुख्य हत्यार. वापरा, पण जुन्या मराठीत पुसणे म्हणजे विचारणेही होतं हे लक्षात असू द्या. वाट पुसणे आपण अजून म्हणतो. हे दोन वेगळे धातू. एक संस्कृत 'प्रच्छ्'पासून आला, दुसरा 'प्रोञ्छ्'पासून. हिंदीने ते 'पूछना' आणि 'पोंछना' असे वेगळे ठेवले, मराठीत दोघांचा उच्चार एक झाला. ब्रिस्टलच्या मोर्चातला माणूस 'आम्ही इतिहास पुसतोच आहोत' असं मराठीत म्हणाला असता तर ते खोटं ठरलं नसतं. इंग्रजीत त्याची ही सोय नाही, आणि भाषांतरात ती तुम्हाला घेता येणार नाही. हळहळण्यापलीकडे उपाय नाही.

आता *पुतळा* की *स्मारक*. स्मारक म्हणजे आठवण करून देणारं काहीही : स्तंभ, इमारत, नुसती फरशीसुद्धा. पुतळ्याला देह लागतो. संस्कृत 'पुत्तल' म्हणजे बाहुला, तोच हा शब्द. मोर्चात जाळतात तोही आपल्याकडे पुतळाच, चौकात हार घालतात तोही पुतळाच. एकाच शब्दात मान आणि अपमान दोन्ही बसतात, ही सोय इंग्रजीत नाही, तिथे त्यासाठी दोन शब्द आहेत. पुतळ्याला देह आहे म्हणूनच त्याला काळं फासता येतं. १८९६ साली मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासून चपलांची माळ घातली गेली, आणि ते आपण केल्याचं दामोदर चापेकरांनी पुढे लिहून ठेवलं. जयपूरला उच्च न्यायालयाच्या आवारातल्या मनूच्या पुतळ्याला २०१८ साली औरंगाबादहून गेलेल्या दोन बायकांनी रंग फासला. स्तंभाला काळं फासून तो अर्थ निघत नाही, त्याला तोंड नसतं.

म्हणून शीर्षकात 'पुतळा'च ठेवा. शिवाय त्यात तुमच्या लेखासाठी एक आयता चिमटा आहे. कोल्स्टनच्या चौथऱ्यावर कोरलं होतं की हा शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एक. आपल्या आजोबांच्या पिढीने अशा माणसाला गंभीरपणे 'सद्गुणांचा पुतळा' म्हटलं असतं. आज आपण ते म्हणतो तेव्हा हसू दाबून म्हणतो. त्या पाटीचं भाषांतर करताना हे वापराल तर एका ओळीत काम होईल.

संग्रहालयातल्या फोटोखालच्या ओळीत मात्र 'पहुडलेला पुतळा' लिहू नका. पहुडतात ते शेषशायी विष्णू. 'आडवा ठेवलेला' पुरे.