'मी अमेरिकन आहे' : चार मिनिटांचे गाणे आणि एक पाटी

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलगा आठवीत आहे. 'अमेरिकन असणे म्हणजे काय' या विषयावर इतिहासाच्या आधाराने चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करण्याचे काम त्याच्या गटाला शाळेने दिले आहे. मुलांनी एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर शब्द बसवले असून झेंडा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, स्थलांतरितांच्या आगमनाचे एलिस बेट, चंद्रावरचे पाऊल अशी पन्नासेक चित्रे जमवली आहेत. पाहायला छान वाटते, पण यात इतिहास कितीसा आहे, अशी शंका येते. त्यात भारतीयांना जागा असावी का? आणि दुसऱ्याची चाल घेतलेली चालते का?
— एक वाचक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, मात्र दोष गाण्याचा नाही. परक्या चालीवर आपले शब्द बसवणे ही अमेरिकेतली जुनीच रीत आहे. १८१४ साली बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर ब्रिटिशांनी केलेला तोफांचा मारा पाहून फ्रान्सिस स्कॉट की यांनी जी कविता लिहिली, ती लंडनमधल्या एका मंडळाच्या गाण्याच्या चालीवर लोक गाऊ लागले आणि १९३१ साली तेच गाणे राष्ट्रगीत ठरले. ज्यांच्याशी लढाई चालली होती, त्यांचीच ही चाल.

अडचण आहे ती चित्रांच्या गर्दीची. चार मिनिटांत पन्नास चित्रे म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाच सेकंद येतात, आणि तेवढ्यात चित्र ओळखता येते, वाचता येत नाही. असाच एक व्हिडिओ पाहून झाल्यावर त्यातल्या एका छायाचित्रातली माणसे कोण, असे मी मुलांना विचारले होते. ज्यांनी ते निवडले त्यांनाही सांगता आले नाही, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. म्हणून माझा आग्रह असा की निम्म्याहून अधिक चित्रे काढून टाकावीत आणि एकच चित्र पूर्ण कडवेभर पडद्यावर ठेवावे.

असे एक चित्र तुमच्याच राज्यातले आहे. छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९४२ मध्ये ओकलंड येथे किराणा मालाच्या एका दुकानाचे छायाचित्र घेतले. दुकानाच्या दर्शनी भागावर 'मी अमेरिकन आहे' अशा अर्थाची ठळक अक्षरांतली मोठी पाटी आहे, आणि तिच्या वरच्या बाजूला दुकान विकले गेल्याची पाटी दिसते. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने केलेल्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ८ डिसेंबर १९४१ रोजी, जपानी वंशाच्या मालकाने 'मी अमेरिकन आहे' ही पाटी लावली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर असलेला हा माणूस नंतर इतरांबरोबर, सरकारने जपानी वंशाच्या लोकांना डांबण्यासाठी उभारलेल्या छावणीत गेला. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर सुमारे १,२०,००० लोकांची अशी रवानगी झाली आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला, तो १९८८ मध्ये. आता मुलांच्या ध्रुपदात 'मी अमेरिकन आहे' ही ओळ असेल, तर झेंड्यावर ती अभिमानाची वाटेल आणि या दुकानावर तीच ओळ विनवणीसारखी ऐकू येईल. शब्द तेच राहून अर्थ बदलणे, हे गाण्याला जितके सहज साधते तितके निबंधाला साधत नाही.

भारतीयांना जागा अवश्य असावी, पण केवळ आपली म्हणून नव्हे. पंजाबातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पगडी घालून अमेरिकी सैन्यात होते. तरीही १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने, सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते 'गोरे' नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल दिला. भारतीयांसाठी हा दरवाजा १९४६ च्या कायद्याने उघडला, तोही वर्षाला फक्त १०० जणांना देशात प्रवेश देऊन. अमेरिकन कोण हे ठरवतो कोण, हा प्रश्न ओकलंडच्या दुकानदाराप्रमाणे थिंद यांच्याही वाट्याला आला, त्यामुळे त्यांचे कडवे त्या दुकानाच्या शेजारी शोभेल; यशस्वी डॉक्टर-इंजिनिअरांच्या छायाचित्रांमध्ये ते हरवून जाईल.

चालीविषयी थोडक्यात सांगतो. समोरासमोरच्या अध्यापनात वर्गात दाखवण्यासाठी अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, यूट्यूबवर टाकणे मात्र वेगळे. मूळ गाण्यावरच भाष्य करणाऱ्या विडंबनाला १९९४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आधार दिला, परंतु मुलांचे शब्द इतिहासाविषयी आहेत, त्या गाण्याविषयी नाहीत. १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली एखादी चाल घेऊन मुलांनी स्वतः गावे आणि स्वतः वाजवावे, म्हणजे काळजी उरणार नाही. लँग यांचे ते छायाचित्र संघराज्य सरकारच्या कामातले असल्यामुळे त्यावर कॉपीराइट नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी सरकारी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते मूळ नोंदीसह मिळते. ती नोंद मुलांनी स्वतः वाचावी आणि श्रेयनामावलीत 'इंटरनेटवरून साभार' असे मोघम न लिहिता छायाचित्रकाराचे नाव, ठिकाण आणि महिना लिहावा.