रात्री दहानंतरचं हॉस्टेल

बाळा,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण घाईत दोन ओळी पाठवाव्यात असं वाटेना म्हणून आज निवांत लिहितोय. सहावी ते दहावीची बेचाळीस पोरं, त्यांना सांभाळायला तू एकटा, आणि वरून शिस्त ढिली पडलीय म्हणून ऑफिसातून रोज बोलणी. हात न उगारता पोरं ऐकणार कशी, हे तू विचारलंस ते बरं केलंस.

हात उगारायचा नाही हे आधी पक्कं कर. आपल्या गोव्यात २००३च्या बाल कायद्याने शाळेतल्या मारावर बंदी आहे आणि त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक पोर येतं, म्हणजे तुझी दहावीतली मिशी फुटलेली पोरंसुद्धा. पुढे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मानसिक छळालाही मनाई केली, त्यामुळे सगळ्यांसमोर घरची गरिबी काढून बोलणं वगैरे तेही नको. जेवण तर कधीच बंद करू नकोस, कितीही राग आला तरी. कायदा राहू दे बाजूला, मार खाल्लेलं पोर गप्प होतं, आणि पोरं गप्प झाली की हॉस्टेलमध्ये काय चाललंय ते तुला सगळ्यात शेवटी कळणार.

माझंच सांगतो. नवीन असताना सत्तरी तालुक्यात एका हॉस्टेलवर होतो. दहावीतल्या एका धिप्पाड पोराला लीडर केलं आणि लाइट बंद झाल्यावरची शांतता त्याच्या हवाली केली. हॉल इतका शांत की मी खूश, रात्री दहाला माझ्या खोलीत जाऊन पेपर तपासत बसायचो. गणेश चवथीच्या सुट्टीला सगळे घरी गेले आणि सातवीतला एक परत आलाच नाही. आठवडाभर वाट बघून त्याच्या गावी गेलो. आईने चहा दिला, गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीतली फळं पिशवीत घालून दिली, आणि मी निघताना दारात म्हणाली, सर, त्याला रोज रात्री बाथरूमच्या ओल्या फरशीवर तासभर उभा करायचे, तुम्हाला ठाऊक नव्हतं का? मला ठाऊक नव्हतं. माझ्या खोलीपासून ते बाथरूम वीस पावलांवर होतं. त्या लीडरला बोलावून विचारलं तर तो रडायलाच लागला, सहावीत असताना त्याच्याशी कुणीतरी हेच केलं होतं. मी त्याला शांतता ठेवायला सांगितलं होतं, ती कशी ठेवायची ते सांगितलंच नव्हतं.

म्हणून लीडरला काम दे, फिल्टर बघणं, खेळाचं सामान मोजणं, मेसमध्ये वाढणं. शिक्षा द्यायचा अधिकार देऊ नकोस. आणि दहाला लाइट बंद केल्यावर साडेअकरापर्यंत तू बाहेरच राहा. टॉर्च घेऊन, चपलांचा आवाज करत फिर, चोरपावलांनी नको, कुणाला पकडायचं नाहीये तुला, सर जागे आहेत एवढं पोरांना कळलं की पुरे.

बाकी भांडणं कशावरून होतात ते बघ, निम्मी तरी सामानावरून. आपल्याकडे जून-जुलैत कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, मग सकाळी ज्याला कोरडा मोजा मिळाला नाही तो दुसऱ्याचा ओढतो आणि तू त्याला चोर म्हणून उभा करतोस. व्हरांड्यात दोऱ्या वाढव, प्रत्येकाचा नंबर दोऱ्याने कपड्यावर शिवून घे. मेसमध्ये मासळीच्या दिवशी मोठी पोरं आधी बसतात आणि धाकट्यांना शेपटीचे तुकडे उरतात, तेव्हा सहावीची पंगत आधी बसव. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं तेव्हा ही भांडणं होत नाहीत, मी बघितलंय.

सहावीतलं कुणी रात्री अंथरूण ओलं करत असेल तर पहाटे पाचला तूच चादर बदल, कुणाला न कळू देता. दर रविवारी पालक भेटून गेले की संध्याकाळी अभ्यासाला बसवू नकोस, मैदानावर ने.

आणि शेवटचं. एखादं पोर कधीतरी तुझ्या दारात येऊन नुसतं उभं राहील. त्याला आत घे, दार उघडं ठेव, आणि अंगाला हात लावण्याबद्दल वगैरे काही सांगितलं तर खोदून खोदून चौकशी करत बसू नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, नंबर पोरांना दिसेल असा भिंतीवर लाव. शाळेचं नाव जाईल, जरा थांबा, असं सांगणारं कुणीतरी भेटेलच. तू थांबू नकोस, मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुझा,
सर