वाचकांचे प्रश्न : ड्रॅग स्ट्रिपला कोणती पट्टी लावावी?

प्रश्न : तालमीच्या हॉलमध्ये १/२४ प्रमाणाच्या स्लॉट कारसाठी (खाचेतून धावणाऱ्या, खाचेशेजारच्या पट्ट्यांतून वीज घेणाऱ्या छोट्या गाड्या) दोन लेनची ५५ फुटी ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ शर्यतीचा ट्रॅक, करतोय. वीज १२ व्होल्टच्या बॅटरीची. एमडीएफच्या ८ फुटी फळ्या आहेत, शर्यत झाली की उचलून ठेवायच्या. सध्या ६ मिमी रुंद तांब्याची चिकटपट्टी लावली आहे. गाडी सुटते जोरात, पण अर्ध्यावर दम सोडते. पितळी पट्टी घ्यावी, जीआय (जस्त चढवलेली पोलादी) तार घ्यावी की विणलेली तांब्याची पट्टी?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : विणलेली, कल्हई केलेली तांब्याची पट्टीच घ्या. मोटर बदलू नका, तिचा यात दोष नाही.

चिकटपट्टीतलं तांबं साधारण ०.०३५ मिमी जाड असतं. ६ मिमी रुंदीला छेद भरतो जेमतेम ०.२१ चौरस मिमी. ५५ फूट, म्हणजे १६.७६ मीटर लांबीला एका पट्टीचा रेझिस्टन्स १.४ ओहमच्या आसपास, जाऊन-येऊन पावणेतीन. शेवटच्या टोकाला ५ अँपिअर हवे असतील तर नुसत्या पट्टीतच जवळपास १४ व्होल्ट खर्ची पडतील, आणि तुमची बॅटरी तर १२ व्होल्टची! सुरुवातीला गाडी जोडणीच्या जवळ असते म्हणून उसळते. पुढे तिला वीज पोचतच नाही.

चिकटपट्टी वाचवायचीच असेल तर खालून ४ चौरस मिमीची तांब्याची वायर न्या आणि दर २ मीटरवर दोन्ही पट्ट्यांना झाळणीचा टाका द्या. विजेचा प्रश्न तेवढ्यात सुटतो. पण गाडीखालचे वीज घेणारे ब्रश पट्टीची कड उचलतात, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात गोंद सुटतो, आणि जिथे पट्टीवर पट्टी चढवली तिथे गोंदाच्या भरवशावर राहून चालत नाही, झाळावंच लागतं. सरावापुरती ठीक, शर्यतीसाठी नाही.

पितळ तांब्याच्या चौपट रोध करतं आणि सलग पट्टी उष्णतेने फुगून मध्येच उचलते. जीआय तारेचं पोलाद तांब्याच्या आठ-नऊपट. शिवाय गोल तारेवर ब्रश एका रेषेतच टेकतो, ठिणग्या उडतात, जस्त झिजलं की आपला जुलै-ऑगस्ट गंज चढवतो. ॲल्युमिनियम वीज चांगली वाहतं, पण त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा लगेच धरतो आणि साध्या झाळणीने ते झाळलं जात नाही.

विणलेल्या पट्टीवर ब्रश शेकडो बारीक तारांना एकाच वेळी टेकतो, म्हणून ती या सगळ्यांना भारी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅनेल बनवणाऱ्यांकडे किंवा अर्थिंगचं साहित्य विकणाऱ्यांकडे विचारा. रुंदी ६ मिमी. जाडीवर विश्वास ठेवू नका, एक मीटर तुकडा वजन करून घ्या: मीटरला २२ ग्रॅम भरलं की छेद अडीच चौरस मिमी. १५ ग्रॅमच भरलं तर परत करा. फळ्या दहा लागतील: ७ शर्यतीच्या, ३ थांबण्याच्या. दोन लेनच्या मिळून चार ओळी आणि टोकांच्या शेपट्या धरून १०२ मीटर, म्हणजे सव्वादोन किलो माल.

खाचेच्या दोन्ही बाजूंना पट्टीसाठी उथळ गाळा राउटरने काढा. पट्टी बसल्यावर पृष्ठभागापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली राहिली पाहिजे. वर राहिली तर गाडीचा पुढचा भाग उचलला जातो, जास्त खाली गेली तर ब्रश पोचत नाही. चिकटवायला सुताराचा सनमायकाचा अॅडेसिव्ह. लाकडावर पातळ हात, पट्टीच्या पाठीवर नुसता पुसल्यासारखा. बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. अॅडेसिव्ह जास्त झाला तर विणीतून वर येतो आणि तेवढा तुकडा कायमचा मुका होतो. पट्टी ओढून बसवू नका. ओढली की अरुंद होते आणि महिन्याभरात आखडून गाळा सोडते.

टाके पट्टी चिकटवण्याआधीच तिच्या पाठीवर द्या. इथे बहुतेकांचा हात फसतो. वीण झाळण शोषून घेते, दोन सेकंदांत कथील दोन्हीकडे पसरतं आणि पट्टीची तिथे काडी होते. ब्रश त्या काडीवर उडतो. टाक्याच्या दोन्ही बाजूंना पक्कड किंवा धातूचा चिमटा लावा. उष्णता तिथेच अडते, कथील पुढे जात नाही. ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० (कथील-शिशाची) झाळणतार, टाका मुगाएवढा. प्रत्येक फळीच्या टोकाला पट्टी भोकातून खाली घेऊन टर्मिनलला स्क्रूने आवळा; फळ्या एकमेकींना खालून जाड कनेक्टरने जोडा. सांध्यावर पुढच्या फळीची कड किंचित घासून घ्या, नाहीतर ब्रश तिच्यावर आदळतो.

बॅटरीची जोडणी सुटण्याच्या रेषेशीच द्या. मोटर थांबलेली असताना सर्वात जास्त करंट ओढते, तेव्हा तिथली वायर आखूड आणि जाड हवी. दोन्ही लेनला वायरची लांबी एकसारखी ठेवा, नाहीतर हरलेल्याची तक्रार रास्त ठरेल. फ्यूज बॅटरीला लागूनच.

शेवटी तपासणी. एवढा कमी रेझिस्टन्स साधा मल्टिमीटर दाखवत नाही. अंतिम रेषेवर १२ व्होल्ट ६० वॅटचा गाडीचा हेडलाइट बल्ब पट्ट्यांना जोडा, तो ५ अँपिअर घेतो. सुरुवातीचं आणि शेवटचं व्होल्टेज मोजा. विणलेल्या पट्टीखालूनही ४ चौरस मिमी वायर नेली असेल तर फरक अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. जास्त आला तर मीटरची टोकं एकेका सांध्याच्या अलीकडे-पलीकडे टेकवत जा. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तो टाका कच्चा.

प्रश्न : थांबण्याच्या भागातल्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडल्या, ब्रेक उत्तम लागतो. पण गाडी आत शिरताना ठिणगी पडते, कधी फ्यूज उडतो.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोन भागांमधली फट लहान आहे. ब्रश फटीच्या दोन्ही काठांना एकाच वेळी टेकतो, आणि त्या क्षणी बॅटरीच शॉर्ट होते. तुमच्या गाडीच्या ब्रशचा पट्टीला टेकणारा भाग मोजा. फट त्याहून निदान १० मिमी मोठी ठेवा. ब्रश २० मिमी असेल तर फट ३० मिमी. गाडी वेगात असते, तेवढी मोकळी जागा तिला जाणवतही नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पट्टी काळी पडली. पॉलिश पेपर मारावा का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मुळीच नाही. पेपरने कल्हई जाते आणि खालचं उघडं तांबं आणखी लवकर काळवंडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने, गाडी धावते त्याच दिशेने पुसा. काळेपणात ठिणग्यांची काजळी आणि ब्रशचा चुराही असतो, म्हणून ब्रश सपाट टेकतोय का तेही पाहा. तेल लावू नका. ते टायरला लागलं की गाडी सुटताना जागीच घसरते.

प्रश्न : आम्ही हुपरीचे. चांदीची पट्टी सहज करून मिळेल. फायदा होईल?
— एक वाचक, हुपरी

उत्तर : चांदी तांब्यापेक्षा ५-६ टक्केच चांगली वाहक आहे. तांब्याची पट्टी तेवढ्याच टक्क्यांनी जास्त जाड घेतली की हिशेब बरोबर होतो. चांदी गाडीच्या ब्रशच्या बाबतीतही विसरा. ती मऊ आहे, लवकर झिजेल.