नेक्स्ट जेएसचा बिल्ड पॅकेजच्या रीडमी फाइलवर अडतोय, मार्कडाउनचा लोडर टाकू का?

नका टाकू. लोडर, म्हणजे एखाद्या प्रकारची फाइल बिल्डला वाचायला शिकवणारा जोड, टाकला की हा एरर जाईल, पण लगेच दुसऱ्या फाइलवर तसाच एरर येईल.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेटाबेसचं क्लायंट पॅकेज टाकलं, एपीआय रूटमध्ये इम्पोर्ट केलं आणि बिल्ड ‘मॉड्यूल पार्स फेल्ड: अनएक्स्पेक्टेड टोकन (१:०)’ म्हणत थांबला. फाइल कोणती, तर त्या पॅकेजची रीडमी. वर वेबपॅकचा, म्हणजे नेक्स्ट ज्याने सगळ्या फाइली एकत्र बांधतं त्या साधनाचा, सल्ला, की या प्रकारच्या फाइलसाठी योग्य लोडर लागेल. तुम्ही म्हणताय, ‘मी रीडमी कुठेच इम्पोर्ट केलेली नाही.’ बरोबर आहे तुमचं. ती तुम्ही मागितलेली नाही, वेबपॅकने स्वतःहून उचलली आहे.

आधी तो आकडा बघा. १:० म्हणजे पहिली ओळ, शून्य क्रमांकाचा रकाना. बऱ्याच रीडमी लोगो मध्यभागी आणायला एचटीएमएलच्या टॅगने सुरू होतात. वेबपॅक ती फाइल जावास्क्रिप्ट समजून वाचतो, आणि जावास्क्रिप्टचं वाक्य ‘<’ ने सुरू होत नाही. पहिल्याच अक्षराला ठेच. लायसन्सच्या फाइलवर हाच एरर बहुतेक वेळा १:४ असा येतो. ‘एमआयटी’ ही इंग्रजी तीन अक्षरं जावास्क्रिप्टला चालतात, एखाद्या व्हेरिएबलचं नाव असावं तशी. मग एक स्पेस, आणि चौथ्या रकान्यात ‘लायसन्स’ हा शब्द आला की गाडी अडते. म्हणजे फाइलींत काहीच बिघडलेलं नाही. त्या इथे आल्याच कशा, एवढंच शोधायचं आहे.

त्याचं उत्तर तुम्ही चिकटवलेल्या लॉगमध्येच आहे, खालच्या ‘इम्पोर्ट ट्रेस’मध्ये. तिथे एका ओळीत फोल्डरचं नाव, पुढे ‘सिंक’ हा शब्द आणि त्यापुढे कॅरेटने सुरू होऊन डॉलरने संपणारा रेजेक्स (नावं जुळवायचा नमुना) दिसेल. सगळे वरचा सल्ला वाचतात आणि ही ओळ सोडून देतात. खरी खबर तीच देते.

अशा पॅकेजचा वेगवान भाग नेटिव्ह बायनरीत, म्हणजे थेट त्या मशीनसाठी तयार केलेल्या फाइलीत, असतो आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी बायनरी, वेगळ्या पॅकेजात. कोणती उचलायची हे कोड चालू झाल्यावर ठरतं, म्हणून आत ‘रिक्वायर’ला पूर्ण नाव दिलेलं नसतं. स्कोपचं (पॅकेजांच्या गटाचं, @ ने सुरू होणारं) नाव अधिक एक व्हेरिएबल, एवढंच असतं. नोडला, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला, त्याची अडचण नाही. वेबपॅकला मात्र बिल्डच्या वेळी त्या व्हेरिएबलची किंमत माहीत नसते, म्हणून तो नावात बसू शकेल अशी प्रत्येक फाइल गोळा करतो, आतल्या फोल्डरांसकट. व्हेरिएबलच्या पुढे एक्स्टेन्शन लिहिलेलं असतं तर फक्त तसल्या फाइली आल्या असत्या. इथे पुढे काहीच नाही, त्यामुळे रीडमी, लायसन्स, टाइपस्क्रिप्टच्या डी-टीएस (फक्त टाइपची माहिती देणाऱ्या) फाइली, बायनरी, सगळं आत येतं.

‘पॅकेजवाल्यांनी रीडमी पाठवलीच नसती तर?’ असं वाटेल, पण एनपीएम (पॅकेज प्रकाशित आणि इन्स्टॉल करायचं साधन) रीडमी आणि लायसन्स पॅकेजात घालतंच, लेखकाने वगळायला सांगितलं तरी. नोड मॉड्यूल्स फोल्डरमधून हाताने उडवली तर पुढच्या इन्स्टॉलला परत हजर.

आता उपाय. हे पॅकेज सर्व्हरवर चालणारं आहे, त्याला बंडलमध्ये, म्हणजे वेबपॅकने बांधलेल्या गठ्ठ्यात, घ्यायची गरजच नाही. नेक्स्टच्या कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हर एक्स्टर्नल पॅकेजेस’ नावाचा पर्याय आहे, तीन शब्द जोडून, पहिलं अक्षर स्मॉल आणि पुढच्या दोन शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल. त्याला ॲरे द्या. त्यात तुम्ही इम्पोर्ट करता ते पॅकेज लिहा, आणि ‘सिंक’च्या ओळीखाली ज्या पॅकेजची फाइल दिसते तेही लिहा. दुसरं लिहायचं लोक विसरतात आणि ‘उपाय चालला नाही’ म्हणतात. नेक्स्ट १५ च्या आधीच्या आवृत्तीत हाच पर्याय ‘एक्सपेरिमेंटल’खाली ‘सर्व्हर कंपोनंट्स एक्स्टर्नल पॅकेजेस’ या नावाने होता. टर्बोपॅकवर (वेबपॅकच्या जागी वापरता येणारं नेक्स्टचं साधन) हाच घोळ ‘अननोन मॉड्यूल टाइप’ या शब्दांत दिसतो, उपाय तोच.

नुसतं वेबपॅक असेल तर ‘एक्स्टर्नल्स’ हा पॅकेज बंडलबाहेर ठेवणारा पर्याय वापरा. पॅकेज बंडलमध्ये घ्यावंच लागत असेल तर ‘कॉन्टेक्स्ट रिप्लेसमेंट प्लगइन’ने तो रेजेक्स आवळून घेता येतो.

लोडरबद्दल इतकं ठासून सांगतोय कारण मी त्या वाटेने गेलो होतो. एका क्लायंटच्या कामात मार्कडाउनला लोडर लावला, तर लायसन्स अडली. तिलाही लावला, तर डी-टीएस अडली. शेवटी बायनरीवर आलो, तिचीही सोय केली आणि बिल्ड एकदाचा हिरवा झाला. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. सर्व्हरवर चढवल्यावर पहिल्याच रिक्वेस्टला ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’. माझ्या मॅकवर मॅकचीच बायनरी होती, तीच बंडलमध्ये गेली होती आणि सर्व्हर लिनक्स होता. लोडरांनी फक्त एरर बिल्डमधून उचलून लाइव्ह सर्व्हरवर नेऊन ठेवला.

ही शेवटची गोष्ट एक्स्टर्नल केल्यावरही सांभाळा. पॅकेज आता सर्व्हरवरच्या नोड मॉड्यूल्समधून लोड होणार, तेव्हा इन्स्टॉल त्याच सिस्टिमवर झालेलं हवं. डॉकरमध्ये अल्पाइन (छोटेखानी लिनक्स) वापरत असाल तर आणखी जपून, कारण अल्पाइन मसल ही सी लायब्ररी वापरतं आणि डेबियन, उबुंटू ग्लिबसी ही. दोघांच्या बायनरी वेगळ्या. एका इमेजमध्ये इन्स्टॉल करून फोल्डर दुसरीत कॉपी केलं की फसलात.

अजून एक बघून घ्या. ट्रेसच्या अगदी तळाशी तुमची स्वतःची कोणती फाइल आहे? ती ‘यूज क्लायंट’वाली, म्हणजे ब्राउझरमध्येही जाणारी, असेल तर कॉन्फिगला हातच लावू नका. डेटाबेसचा कोड ब्राउझरच्या बंडलमध्ये चाललाय, तो इम्पोर्ट आधी तिथून काढा. बहुतेक वेळा एखाद्या सामाईक ‘युटिल्स’ फाइलमधून तो नकळत आत आलेला असतो.

ट्रेसमध्ये ‘सिंक’ची ओळ दिसतच नसेल तर मात्र प्रकरण वेगळं आहे, मग पूर्ण लॉग आणि नेक्स्टची आवृत्ती इथे टाका, बघतो मी.