नुसतं भाषांतर करून ॲप होत नाही गं

ऋतुजा, तुझी मेल वाचली. बीई कॉम्प्युटर झालीस, आता ऑकलंडला हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच्या मास्टर्सला निघालीस, तिथल्या सामोअन लोकांसाठी डायबिटीसचं ॲप करायचं डोक्यात आहे आणि बाबा म्हणतायत "एवढ्याशा लोकांसाठी ॲप करून स्कोप काय?"

आधी बाबांचं. २०२३ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये पॅसिफिक लोक, म्हणजे मूळचे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे, ४ लाख ४२ हजारांच्या वर निघाले, सामोअन, टोंगन, कुक आयलंड्सचे, निउएचे सगळे धरून, आणि त्यातले बरेचसे ऑकलंडलाच, त्यामुळे कामाला तोटा नाही.

पण तू पाठवलेली स्क्रीन बघितली, "आज किती ग्रॅम खाल्लं?" सामोअनमध्ये आणि बाजूला नारळाचं झाड, तर खरं सांगू का, गाडी इथेच अडते. रविवारी चर्च सुटलं की अख्खं घर एकत्र जेवतं, तोओनाई म्हणतात त्याला, त्यात पालुसामी असते, म्हणजे अळूची कोवळी पानं नारळाच्या दुधात शिजवलेली (कोकणातल्या आज्जीला लगेच कळेल), आता मावशी आग्रह करून वाढत असताना फोन काढून ग्रॅम कोण टाकत बसणार? आपल्या पंगतीत टाकेल का कोणी?

फुइमाओनो कार्ल पुलोटू-एंडेमान यांनी पॅसिफिक लोकांच्या तब्येतीसाठी मांडलेलं फोनोफाले मॉडेल वाच. तब्येत म्हणजे एक घर, पाया कुटुंबाचा, छप्पर संस्कृतीचं, खांब शरीर, मन, अध्यात्म आणि चौथ्यात वय, लिंग, पैशाची परिस्थिती वगैरे. तुझ्या स्क्रीनवर मला एकच खांब दिसला.

आणि लोकांना सोबत घेतलं की झालं, असंही नाही हं. ओला-ओरा नावाचं ॲप माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) आणि पॅसिफिक लोकांबरोबर बसूनच डिझाइन केलेलं, १२ आठवड्यांची ट्रायल झाली, २०१९ ला निकाल छापून आला आणि तब्येतीच्या सवयींमध्ये कंट्रोल ग्रुपपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा, ठळक फरक काही दिसला नाही. मला तर हा पेपर यशाच्या दहा गोष्टींपेक्षा कामाचा वाटतो, नीट वाच.

पहिल्या सेमिस्टरला कोडिंगला हातच लावू नको. तालानोआ शिक, म्हणजे प्रश्नावली पुढे न सरकवता निवांत गप्पांतून समजून घ्यायचं, रिसर्चमध्ये ही रीतसर पद्धत आहे. गाइड पक्का करायच्या आधी मेल करून विचार की टीममध्ये कोणी सामोअन आहे का, नसेल तर सरळ दुसरा विषय घे.

आणि ते नारळाचं झाड आजच काढ.